सिगारेट सोडणाऱ्याच्या हाती काय द्यावे?

ई-सिगारेटवरचा आपल्याकडचा वाद 'चांगली की वाईट' इथे सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. पण वीस वर्षे रोज पाकीटभर सिगारेट ओढून जो आता ती सोडायला निघाला आहे, त्याची अडचण याहून साधी आणि निकडीची असते. ब्रिटनमधल्या एखाद्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात तो शिरला, तर समोर पेनाच्या आकाराच्या नळ्या, चपटे पॉड, मुठीएवढ्या बॅटरीवर बसवलेल्या काचेच्या टाक्या आणि आंब्यापासून पुदिन्यापर्यंतच्या चवींच्या बाटल्या मांडलेल्या असतात. यातले काय उचलायचे? प्रश्न खरेदीचा दिसतो, म्हणून डॉक्टर, धोरणकर्ते आणि नीतीवर बोलणारे सगळेच तो दुकानदाराच्या गळ्यात घालून मोकळे होतात. मला मात्र वाटते, की या वादातले बरेचसे तथ्य याच प्रश्नात दडले आहे. कोणाच्या हातात कोणते उपकरण, किती निकोटिनचे आणि किती काळ, हे ठरल्याशिवाय त्याच्या बऱ्यावाईटाचा निवाडा होऊच शकत नाही.

हे ठरवायला कसोटी दोन प्रश्नांची असावी. हे उपकरण सिगारेटला पुरते हरवू शकते का? आणि हरवून झाल्यावर स्वतः हातातून सुटण्याची वाट त्यात ठेवलेली आहे का? मोडलेल्या हाडावर घातलेल्या प्लास्टरकडून आपण याच दोन गोष्टी मागतो. ते पुरेसे कडक हवे आणि एक दिवस ते निघाले पाहिजे. बाजार पहिल्या गुणाची जाहिरात करतो आणि दुसऱ्याविषयी गप्प बसतो. बंदी घालणारे सरकार दुसऱ्या गुणाच्या काळजीने पहिला विचारातच घेत नाही. नवख्या माणसाला दोन्ही एकदम लागतात.

आधी मुळातला हिशेब मांडू. माणसे निकोटिनसाठी सिगारेट ओढतात आणि मरतात ती प्रामुख्याने धुरातल्या टारने, ही मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकल रसेल यांनी १९७६ मध्येच केली होती. झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण ठरणारी कितीतरी द्रव्ये तयार होतात. व्हेपमध्ये जळत काही नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीची द्रव्ये यांचे मिश्रण एका तापलेल्या तारेवर वाफाळते आणि तो फवारा छातीत जातो. तो निरुपद्रवी नाही. तीस-चाळीस वर्षे असा फवारा घेतलेल्यांच्या फुप्फुसांचे काय होते, हे सांगण्याइतका काळ अजून गेलेलाच नाही. जो मुळात सिगारेट ओढत नाही, त्याने व्हेप हातात घेण्यात तोट्याशिवाय काही नाही. ओढणाऱ्याने करायची तुलना मात्र स्वच्छ हवेशी नसते, खिशातल्या पाकिटाशी असते, आणि त्या तुलनेत जळण्याचा अभाव ही फार मोठी गोष्ट आहे.

पण 'कमी घातक' म्हणजे 'उपयोगी' नव्हे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्येच धूर नसलेल्या, तंबाखू नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. वस्तू बाजारात कधी आलीच नाही. आजच्या ई-सिगारेटचे जनक मानले जाणारे चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आपले उपकरण घडवले. ते स्वतः धूम्रपान करत होते. या पहिल्या पिढीतली उपकरणे दिसायला हुबेहूब सिगारेट होती. पांढरी नळी, बदामी टोक, ओढली की पुढे पेटणारा लाल दिवा. रूप सगळे सिगारेटचे होते, रक्तात पोहोचणारे निकोटिन मात्र तुटपुंजे. न्यूझीलंडमध्ये ६५७ जणांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत अशा उपकरणांनी सहा महिन्यांनंतर ७.३ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती. निकोटिनची पट्टी लावणाऱ्यांत हे प्रमाण ५.८ टक्के आणि निकोटिन नसलेली ई-सिगारेट वापरणाऱ्यांत ४.१ टक्के होते. फरक इतका थोडा, की त्यावरून ठाम काही म्हणता येईना.

सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इंग्लंडमधली चाचणी आली. धूम्रपान सोडवणाऱ्या सरकारी केंद्रांत आलेल्या ८८६ जणांपैकी निम्म्यांना पट्टी, गम अशी नेहमीची साधने दिली, आणि निम्म्यांना पुन्हा भरता येणारे, टाकीचे व्हेप व दर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या द्रवाची एक बाटली. वर्षअखेरीस पहिल्या गटात ९.९ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यात १८ टक्के. दोन देश, दोन पद्धती, आणि इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष समुपदेशनाची जोड, त्यामुळे या आकड्यांची सरळ बेरीज-वजाबाकी करता येत नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. दोन्ही ठिकाणी वस्तूचे नाव 'ई-सिगारेट' होते, आणि वस्तू मात्र वेगळी होती. सिगारेटसारखे दिसणारे यंत्र सिगारेटला हरवतेच असे नाही. निकोटिन पुरेसे पोहोचवणाऱ्या यंत्राला ती संधी अधिक.

म्हणून नवख्याने पहिला विचार करायचा तो यंत्राच्या रूपाचा नव्हे, निकोटिनच्या मात्रेचा. आणि इथेच भल्या हेतूने चूक होते. 'आता सोडायचेच आहे, तर कमी निकोटिनपासून सुरुवात करू' असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. घरचेही तेच सुचवतात. परिणाम उलटा होतो. शरीराला हवी तेवढी मात्रा मिळेपर्यंत माणूस जास्त वेळा आणि जास्त लांब झुरके घेतो. लंडनच्या साउथ बँक विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवून दिले. १८ ऐवजी ६ मिलिग्रॅमचा द्रव दिल्यावर लोकांनी जास्त द्रव संपवला आणि फवाऱ्यातून त्यांच्यापर्यंत फॉर्माल्डिहाइडही जास्त पोहोचले. 'लाइट' सिगारेटचा जुना धडाच हा. फिल्टरला बारीक छिद्रे पाडून यंत्रावरच्या मोजणीत टार कमी दाखवता आले. ओढणाऱ्यांनी झुरका खोल करून ती कसर भरून काढली. मात्रा अपुरी पडली की नवखा दुपारपर्यंत चिडचिडा होतो, संध्याकाळी टपरीवर जातो आणि 'व्हेपचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढतो.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार द्रवातले निकोटिन दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, यंत्राची टाकी २ मिलिलिटरची आणि भरण्याची बाटली १० मिलिलिटरची. ब्रिटनने संघ सोडल्यावरही या मर्यादा ठेवल्या. रोज पाकीटभर ओढणाऱ्याने या मर्यादेच्या वरच्या टोकाशी, १८ ते २० च्या घरात, सुरुवात करणे शहाणपणाचे; दिवसाला चार-पाच ओढणाऱ्याला त्याच्या निम्म्याने भागते. इतके तीव्र साधे निकोटिन घशाला चटका देते, म्हणून हल्ली आम्ल मिसळून सौम्य केलेले, 'निकोटिन सॉल्ट' म्हणून ओळखले जाणारे द्रव मिळतात. या सौम्यपणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण नवख्याची सोय आणि बाजाराचे जाळे या दोन्ही गोष्टी त्याच एका युक्तीतून निघाल्या.

मात्रा ठरली की यंत्राची निवड सोपी होते. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत. त्याच सवयीला जुळणारे, घट्ट ओढीचे, लहान पॉडचे यंत्र त्याला हवे. आतल्या तापणाऱ्या तारेचा, म्हणजे कॉइलचा, रोध १ ओहमच्या आसपास, शक्ती १० ते १५ वॅट, द्रवात ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मे-निम्मे. ढगासारखी वाफ काढणारी, पन्नास-साठ वॅटची यंत्रे थेट छातीत ओढायची असतात. त्यांत २० मिलिग्रॅमचा द्रव घातला तर डोके गरगरते आणि खोकल्याची उबळ येते. ती यंत्रे छंद म्हणून वापरली जातात, सुटका म्हणून नव्हे. नवी कॉइल बसवली की द्रव भरून दहा मिनिटे थांबावे, कॉइलमधला कापूस भिजू द्यावा. कोरडा कापूस तापला तर जळकी चव येते आणि नको ती द्रव्येही तयार होतात. २०१५ मध्ये ई-सिगारेटच्या वाफेत भरमसाट फॉर्माल्डिहाइड सापडल्याचे जे वृत्त जगभर गाजले, ते चढ्या व्होल्टेजवर यंत्राने घेतलेल्या झुरक्यांवर आधारलेले होते. कमी व्होल्टेजला ते आढळले नव्हते. इतक्या तापलेल्या कॉइलची जळकट चव माणसाला सहन होत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र वाचले तर निष्कर्ष एकच निघतो. हे रसायन यंत्राच्या जातीवर आणि वापरावर अवलंबून आहे. 'व्हेप' या नावाखाली सरसकट विधान करणारे, मग ते बाजूने असोत की विरोधात, अर्धेच बोलत असतात.

हरवणे म्हणजे पुरते हरवणे, हेही इथेच बजावले पाहिजे. पुष्कळ जण घरात व्हेप आणि ऑफिसबाहेर सिगारेट असा समझोता करतात आणि 'वीसवरून तीनवर आलो' म्हणून समाधान मानतात. कर्करोगाच्या बाबतीत या घटीला काही अर्थ असेलही, हृदयाच्या बाबतीत फारसा नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या निम्म्याजवळ जातो, असे २०१८ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या विश्लेषणाने दाखवले. ज्या यंत्रासोबत रोजच्या तीन सिगारेटी चालूच राहतात, ते पहिल्याच प्रश्नात नापास झाले. मग मात्रा वाढवावी, यंत्र बदलावे, सोबत पट्टी लावावी.

आता दुसरा प्रश्न. इंग्लंडच्या त्याच चाचणीत एक आकडा आहे, जो व्हेपचे समर्थक भरभर ओलांडून जातात. व्हेपच्या साह्याने वर्षभर सिगारेटमुक्त राहिलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. पट्टी-गमवाल्या गटातल्या यशस्वी लोकांत नेमून दिलेले साधन अजून वापरणारे केवळ ९ टक्के होते. म्हणजे गुलामगिरीचा फक्त मालक बदलला, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. याचे उत्तर मी दोन भागांत देईन. धुरातून वाफेवर गेलेला माणूस निकोटिनवर अवलंबून राहिला, तरी तो जळत्या तंबाखूपासून दूर गेलेला असतो आणि हा लाभ खरा असतो. पण तो तिथेच कायमचा राहावा ही बाजाराची इच्छा आहे, त्याची स्वतःची असतेच असे नाही. म्हणून नवख्याने पहिल्या दिवशीच असे यंत्र घ्यावे, ज्यात खाली उतरण्याच्या पायऱ्या आहेत. पुन्हा भरता येणाऱ्या पॉडमध्ये २० वरून १०, मग ६, मग ३ आणि शेवटी शून्य असा द्रव बदलता येतो. सिगारेटची ओढ मावळल्यावर, काही महिन्यांनी, ही उतरण सुरू करावी. घाई केली तर पहिले युद्ध पुन्हा पेटते. वापरून फेकायच्या व्हेपमध्ये ही पायरीच नसते. त्यातली मात्रा कारखान्यात ठरते, संपले की तेवढेच तीव्र दुसरे घ्यायचे. नवख्याला तेच सर्वांत सोपे वाटते, कारण त्यात ना भरणे, ना कॉइल, ना चार्जिंग. सोपेपणा आत शिरण्याच्या दारापुरता आहे. बाहेर पडण्याचे दार त्या वस्तूला ठेवलेलेच नाही.

मागे उल्लेखलेल्या सौम्यपणाचे जाळे कसे होते, हे अमेरिकेने मोठ्या किमतीला अनुभवले. २०१५ मध्ये आलेल्या जूल या उपकरणाने निकोटिन सॉल्टची युक्ती वापरली आणि दर मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम, म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट निकोटिन घशाला न बोचता आत पोहोचवले. मुरलेल्या धूम्रपानकर्त्यासाठी ते प्रभावी होते. पण ज्याने कधी धूर घेतलेला नाही अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला निकोटिनपासून रोखणारी एकमेव नैसर्गिक गोष्ट, घशाला बसणारा चटका, तीच जूलने काढून टाकली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सर्जन जनरलनी मुलांमधले व्हेपिंग ही साथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात मार्लबरो विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला. पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणात हायस्कूलच्या २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी मागील महिनाभरात व्हेप वापरल्याचे सांगितले. ज्या युक्तीने मोठ्यांची सिगारेट सुटते, तीच लहानांना ओढून घेते, ही या विषयातली खरी कोंडी आहे. ती यंत्राच्या तपशिलात शिरूनच सोडवावी लागते. मात्रेवर मर्यादा, वेष्टनावर बंधन, विक्रीच्या जागेवर लक्ष. ब्रिटनने १ जून २०२५ पासून फेकून द्यायच्या व्हेपची विक्री बंद केली, त्यामागे कचरा आणि मुले अशी दोन्ही कारणे होती. कंपन्यांनी तशाच रंगांत चार्जिंगची सोय असलेली स्वस्त यंत्रे बाजारात आणली. नियम आणि पळवाट यांची ही शर्यत संपणारी नाही. तरीही तिथे सिगारेट सोडू इच्छिणारा माणूस सरकारी केंद्रात जाऊन योग्य मात्रेचे, पुन्हा भरता येणारे यंत्र मागू शकतो, आणि २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपानकर्त्यांना असे संच फुकट देण्याची योजनाही तिथल्या सरकारने जाहीर केली.

भारताने दुसरा रस्ता धरला. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळे गुन्हा ठरले. साठवण सोडून बाकी बाबींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याच्या बातम्या रोज येत होत्या. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. चौकशीत प्रमुख संशयित ठरले ते गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातील काडतुसांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. काळ्या बाजाराच्या मालाने घडवलेली दुर्घटना आपल्याकडे अशा निर्णयाला बळ देऊन गेली, ज्याने इथला सगळा माल काळ्या बाजारातच ढकलला. आज मुंबई-पुण्यात व्हेप मिळत नाही असे नाही. मिळते ते बहुधा चोरून आणलेले, फेकून द्यायचे, वेष्टनावरच्या आकड्याची कोणी हमी न देणारे. म्हणजे आपल्या कसोटीवर सर्वांत वाईट ठरणारे उपकरण तेवढे शिल्लक राहिले, आणि शेजारी पानटपरीवर सिगारेट सुटी मिळतेच आहे.

तरी ब्रिटनचा नुसखा उचलून इथे लावा, असे मी म्हणणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात विडी ओढणारे प्रौढ ७.७ टक्के होते आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, पण तंबाखू, गुटखा, मशेरी अशा रूपांत धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तळहातावर चुन्याबरोबर तंबाखू मळणाऱ्या शेतमजुराला किंवा मशेरी लावणाऱ्या बाईला पॉडचा काय उपयोग? आणि ज्या व्यवस्थेला शाळेजवळची गुटख्याची विक्री थांबवता आली नाही, ती व्हेपच्या मात्रेवर नि वयावर लक्ष ठेवील हा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा? बंदीमागची ही भीती रास्त आहे. माझी तक्रार बंदीनंतरच्या रिकाम्या हाताबद्दल आहे. एक साधन काढून घेतल्यावर दुसरे देण्याची जबाबदारी सरकारवर येते, आणि त्या बाबतीत आपल्या नियमांचा क्रमच उलटा लागलेला आहे. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, पण ४ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला हाच ४ मिलिग्रॅमचा गम हवा असतो. सिगारेटच्या पाकिटाला मात्र चिठ्ठी लागत नाही.

इथल्या वाचकाने तोच हिशेब इथल्या कायदेशीर साधनांना लावावा. पट्टी दिवसभर एकसारखी मात्रा देते, गम अचानक उसळणारी तल्लफ भागवतो. दोन्ही एकत्र वापरले तर एकेकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. गम च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो. थोडा चावून, तिखटसर चुणचुण लागली की गालात धरून ठेवायचा. हे न सांगितल्याने कितीतरी जणांना मळमळ होते आणि ते गम टाकून देतात. १८००-११-२३५६ ही सरकारी मदतवाहिनी फुकट आहे आणि समुपदेशनाची जोड मिळाली की साधनाचे यश वाढते. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला तिथे पॉडचा उपयोग झाला असेल, तर सुटीत घरी येताना तो तिथेच ठेवून पट्टी आणावी. इथे व्हेपची आयात गुन्हा आहे.

सरकारला विचारायचे ते एवढेच. किती यंत्रे पकडली हा बंदीच्या यशाचा आकडा नव्हे. किती जणांची सिगारेट, विडी आणि तंबाखू सुटली, आणि सुटायला त्यांना हाती काय मिळाले, हा आहे. ४ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळू लागला, पट्टी आणि गम प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत ठेवले आणि त्यांची मात्रा ठरवून देणारा कर्मचारी तिथे बसवला, तर व्हेपवरच्या बंदीचे समर्थन करायला मीही तयार होईन. तोवर ही बंदी लहान मुलांच्या नावाने मोठ्यांना टपरीवर परत पाठवत राहील.